लाट वाचणारी माणसं

संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याहून समुद्र दिसत नाही. दिसतो तो सातपुडा. तरी अंबाबरव्याच्या डोंगरांवर पडलेला पाऊस नदीनाल्यांतून पूर्णेला मिळतो, चांगदेवजवळ पूर्णा तापीला भेटते आणि सुरतेच्या पुढे ते पाणी अरबी समुद्रात जातं. ज्या नैऋत्य वाऱ्याची आपला कपाशीवाला जूनमध्ये वाट बघतो, तोच वारा कोकणचा दर्या खवळवतो. समुद्राशी आपलं नातं आहेच. म्हणून लाटेवर उभं राहण्याच्या खेळाची, सर्फिंगची, ओळख वऱ्हाडानेही करून घ्यावी.

वाऱ्याची झुळूक ज्वारीच्या शेतावरून जाते तेव्हा लहर धुऱ्यापर्यंत धावते, ताटं मात्र जागेवरच डोलतात. लाटेचंही तसंच. खोल समुद्रात पाणी जवळपास जागच्या जागी फिरतं, पुढे सरकते ती ऊर्जा. दक्षिण महासागरातल्या वादळात उठलेली लाट हजारो किलोमीटर कापून भारताच्या किनाऱ्याला लागते. केरळात अशा अवचित उसळीला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तिचा इशारा देते. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेची चाल मंदावते, उंची वाढते आणि खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. फुटू लागलेल्या लाटेच्या उतारावरून फळी नेणं, हाच हा खेळ.

तो बहरला हवाई बेटांवर. तिथे ‘ओलो’ ही लांब फळी सरदारांची असे आणि ती बहुधा विलिविली नावाच्या हलक्या लाकडाची करत. विलिविली हे आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या काळात हा खेळ मागे पडला. विसाव्या शतकात ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांनी तो जगभर नेला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, त्याला पहिल्यांदा स्थान मिळालं. पोर्तुगालच्या नाझारे इथे सेबास्टियन श्टॉइटनर यांनी 2020 मध्ये 26.21 मीटर उंचीची लाट पेलली.

भारतात कर्नाटकातल्या मुल्कीचा मंत्र सर्फ क्लब आणि चेन्नईजवळच्या कोवलमची मच्छीमार मुलं यांनी हा खेळ रुजवला. महाबलीपुरमला 2025 मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल यांनी कांस्यपदक मिळवलं. गोव्यात अश्वे, हरमल इथे शिकवणी चालते. महाराष्ट्राचा किनारा मात्र या खेळात मागे आहे. पावसाळ्यात दर्या पिसाळलेला आणि उरलेल्या दिवसांत लाट बहुधा लहान, हे त्याचं एक कारण.

पण लाट ओळखण्याची विद्या आपल्या कोळ्यांकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा त्यांचा हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तो जमतो. पुनव-अवसेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. डोलीचं जाळं उधाणाच्या ओढीवर लावतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटतात, कारण तोवर वाऱ्याचा जोर ओसरू लागलेला असतो. श्रद्धा आणि निरीक्षण इथे एकाच गाठीत बांधलेलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबं गणपतीपुळे, तारकर्लीला जातात. त्यांनी ही विद्या थोडी तरी सोबत न्यावी. लाटांच्या फेसाळ रांगेत मधेच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. नवख्याला तीच जागा आंघोळीला बरी वाटते. पण फुटलेल्या लाटांचं पाणी बहुधा तिथूनच वेगाने आत परततं. सर्फर त्या ओढीचा रस्ता करून लाटांपलीकडे पोहोचतो, आणि पोहता न येणारा तिथेच बुडतो. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका; अंग तरंगतं ठेवा, हात वर करून मदत मागा आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघा. जीवरक्षक किंवा गावातला कोळी थांबा म्हणाला, तर थांबा.

आपल्या मुलांना विहिरीत, तलावात पोहायला शिकवतो, तसं समुद्राचं पाणी वाचायलाही शिकवलं पाहिजे. त्यांतलं एखादं पुढे फळीवर उभं राहीलही. बाकीची दर्याचा मान राखून सुखरूप घरी येतील, आणि ते पदकाहून मोलाचं आहे.