गारठा, ढग आणि अवकाळी: आठ गैरसमज

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा काळ बागायतदाराच्या जिवाला घोर लावणारा. निफाडकडच्या बागांत द्राक्षाच्या घडांत साखर भरत असते, तासगावच्या शेडवर बेदाणा वाळत असतो, उन्हाळ कांदा पोसत असतो आणि कोकणात आंब्याचा मोहर अजून पुरता सावरलेला नसतो. अशात अंदाजात ‘किमान तापमानात घट’ आणि ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ ही वाक्यं पाठोपाठ आली की पारापासून व्हॉट्सॲपपर्यंत तर्कांना ऊत येतो. त्यातले बरेच तर्क हवेच्या वागण्याशी जुळत नाहीत. या दिवसांतला गारठा आणि अवकाळी पाऊस ही बहुतेकदा एकाच घडामोडीची दोन टोकं असतात. ते ध्यानात ठेवलं की अंदाजाचा अर्थ लागायला लागतो.

गैरसमज १: पारा शून्यावर आल्याशिवाय दव गोठत नाही.

वस्तुस्थिती: बातमीतलं तापमान जमिनीवरचं नसतं. हवामान केंद्रातला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. निरभ्र, निवांत रात्री गवत, पानं आणि पत्रे आपली उष्णता आकाशाकडे सोडून आसपासच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. त्यामुळे पेटीत चार-पाच अंश असताना पानावर शून्य असू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांचे टप आणि स्ट्रॉबेरीची पानं पांढरी होतात, ती अशीच. ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ असं म्हणतात खरं, पण ते वरून काही पडलेलं नसतं. हवेतली वाफ आणि दव जागच्या जागी गोठून त्याचे हिमकण झालेले असतात.

गैरसमज २: ठिकाण जितकं उंच, तितकी रात्र थंड.

वस्तुस्थिती: दिवसा हे बरंचसं खरं, हिवाळी रात्री नेहमीच नाही. गार हवा जड असते. ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. म्हणूनच हजारांहून अधिक मीटर उंचीवरच्या महाबळेश्वर गावापेक्षा गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातलं निफाड अनेकदा जास्त गारठतं. पुण्यातही शिवाजीनगर-पाषाणचा पारा लोहगावपेक्षा काही अंशांनी खाली असतो. त्याच पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. शेताच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे: ओढ्याकाठच्या खालच्या पट्टीला माळावरच्या बागेपेक्षा धोका अधिक.

गैरसमज ३: आभाळ भरून आलं की रात्री गारठा वाढतो.

वस्तुस्थिती: दिवसा ऊन अडल्यामुळे गार वाटतं. रात्री मात्र ढग जमिनीतून निघालेली उष्णता खाली परतवतात आणि किमान तापमान चढतं. ढगाळ रात्री दव गोठण्याची भीती जवळपास नसते.

खरी मेख पुढे आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकतात. त्यांचा प्रभाव खाली उतरला आणि त्याच वेळी अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलं, की आपल्याकडे ढग, विजा आणि पाऊस. विक्षोभ पुढे सरकला की आभाळ निवळतं आणि उत्तरेचे कोरडे, थंड वारे मोकळे सुटतात. ‘पाऊस गेला, सुटलो’ म्हणून पाठ टेकावी, तर त्यानंतरच्या एक-दोन निरभ्र रात्रींत पारा घसरतो.

गैरसमज ४: बागेत भरपूर धूर केला की गारठा अडतो.

वस्तुस्थिती: काम करते ती धग. जमिनीतून निघणारी उष्णता अडवायला धुराचे कण फार बारीक असतात. उलट दाट धूर सकाळचं कोवळं ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. ओला पाला जाळून धुराचा लोट उठवण्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी छोट्या शेकोट्या केल्या तर उष्णता मिळते आणि हवाही ढवळली जाते. त्याहून सोपा उपाय पाण्याचा. ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या, भुसभुशीत जमिनीपेक्षा जास्त साठवते आणि रात्रभर सावकाश सोडते. गारठ्याच्या रात्री द्राक्षबागांना पाणी दिलं जातं ते यामुळेच.

गैरसमज ५: गारा पडतात म्हणजे कडाक्याची थंडी आली.

वस्तुस्थिती: गारांना खाली ऊन लागतं. जमीन तापलेली, खालच्या थरात बाष्प आणि वरच्या थरात थंड हवा असं जुळलं की हवेचे जोरदार प्रवाह वर चढतात. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली गेले तरी काही काळ पाणीच राहतात आणि बर्फाच्या कणाला आदळले की त्यावर गोठतात. ती गार वरचा प्रवाह पेलेल तोवर वाढत जाते, मग कोसळते. म्हणून आपल्याकडची गारपीट ऐन डिसेंबरच्या पहाटेपेक्षा फेब्रुवारीनंतरच्या दुपारी आणि संध्याकाळी जास्त.

गैरसमज ६: होळी जळाली, थंडी पळाली.

वस्तुस्थिती: म्हण सरासरीला धरून आहे, वेळापत्रक म्हणून उपयोगाची नाही. होळी चांद्र तिथीवर चालते: २०२४ मध्ये ती २४ मार्चला आली, २०२५ मध्ये १३ मार्चला. विक्षोभ पंचांग बघून येत नाहीत. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, सोलापूर आणि नाशिक पट्ट्याला गारपिटीनं झोडपलं, ते होळीच्या तोंडावरच.

गैरसमज ७: ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे चार थेंब.

वस्तुस्थिती: सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. ‘तुरळक’ हा शब्द पावसाचा विस्तार सांगतो, जोर नव्हे. त्या विभागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या शिवारात तो पडेल तिथे तासाभरात सरी फोडूनही जाऊ शकतो. जोरासाठी वेगळी भाषा आहे: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’. मात्र तोडणीला आलेल्या द्राक्षाला जोरदार पाऊस लागतच नाही. हलक्या सरीनंतर घडात पाणी साचून राहिलं तरी मण्यांना तडे जातात, मग सड लागते. शेडवरच्या बेदाण्याचा रंग बिघडायला नुसती दमट हवा पुरते.

इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पिवळा इशारा असताना आपल्या गावात पाऊस झाला नाही, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही.

गैरसमज ८: मार्चमध्ये पाऊस झाला, म्हणजे यंदाचा पावसाळा बिघडला.

वस्तुस्थिती: या पावसामागची कारणं वेगळी आणि मान्सूनची वेगळी. मार्च ते मे हा हवामान विभागाच्या लेखी पूर्वमोसमी हंगामच आहे. त्यातल्या चार सरींवरून केरळात १ जूनच्या सुमारास येणाऱ्या मान्सूनचं भाकीत करता येत नाही.

मग करायचं काय? किमान तापमानाचा आकडा एकटा वाचू नये. त्याच्या शेजारी ढग आणि वारा काय म्हणतात ते पाहावं. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि घसरता पारा हे तिन्ही जुळलं तर खोलगट पट्टीतल्या बागेला रात्री पाणी द्यावं. पावसाची शक्यता असेल तर बेदाण्यासाठी कागद हाताशी ठेवावा, फवारणी पुढे ढकलावी, काढलेला कांदा झाकावा. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. जिल्हावार कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो पाच दिवसांचा असतो, म्हणून मागच्या आठवड्यात फॉरवर्ड झालेल्या पत्रकावर तोडणीचा दिवस ठरवू नये.