'कॉर्पोरेशन'चे मराठी पर्याय

दीर्घ इंग्रजी पदबंधाचा मराठी पर्याय म्हणजे त्याच्या घटकांचे क्रमवार भाषांतर, असा समज आढळतो. नाशिकच्या नागरी व्यवहारातील शब्द तपासले असता तो टिकत नाही.

'म्युनिसिपल कॉर्पोरेशन' या पदबंधातील 'कॉर्पोरेशन'चे मूळ लॅटिन 'कॉर्पस', म्हणजे देह. कायद्याने व्यक्ती मानलेली संस्था हा त्याचा अर्थगाभा. १९८२ मध्ये नाशिक नगरपालिकेची 'महानगरपालिका' झाली. या मराठी शब्दात देहही नाही आणि कायदेशीर व्यक्तित्वही नाही. शहराचा विस्तार 'महा'ने व पालनाचे कर्तव्य 'पालिका'ने सूचित होते. हिंदीतील 'नगर निगम' संस्थारूपाला धरून राहतो. मग मराठीत अर्थहानी झाली काय? तसे म्हणता येत नाही. नगरपालिकेहून वरचा दर्जा मराठी शब्दातच उमगतो. इंग्रजी घटकांतून तो उमगत नाही.

हेच पद 'सिटी अँड इंडस्ट्रिअल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन'मध्ये येताच 'महामंडळ' होते: शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापना १९७०. बोलण्यात मात्र मूळ पदबंधही राहिला नाही आणि पर्यायही रुजला नाही. उरला तो आद्याक्षरांचा 'सिडको'. नाशिकमध्ये तर संस्थेचे हे नाव तिने वसविलेल्या वस्तीचेच झाले. कागदोपत्री 'नवीन नाशिक' असले तरी माणसे 'सिडकोत' राहतात, आणि तसे सांगताना महामंडळ कोणाच्या मनातही नसते. कोशकाराला येथे संक्षेपाचा विस्तार देऊन थांबता येणार नाही. 'सिडको'ची स्थलनाम म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागेल.