सुटलेला एक स्वर

आधी नुसता ठोका. सूर नाही, शब्द नाहीत. कोरडा, जड ठोका. काही ठोके सुटे पडतात आणि मग एकाएकी भराभर एकमेकांच्या अंगावर येतात, जिना उतरताना तोल जाऊन चार पायऱ्या एकदम उतराव्यात तसे. मिरवणुकीत ढोलपथकाच्या शेजारी उभं राहिलेल्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल. टोला कानाइतकाच बरगड्यांत ऐकू येतो. पण ढोलामागे माणसाचा हात असतो, तो दमतो, किंचित पुढेमागे होतो. इथला ठोका ओबरहाइम डीएमएक्स नावाच्या ड्रम मशीनचा आहे. तो दमत नाही.

हे गाणं म्हणजे मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे'. फॅक्टरी रेकॉर्ड्सने ते ७ मार्च १९८३ रोजी बारा इंची तबकडीवर काढलं. लांबी ७ मिनिटं २९ सेकंद, लय मिनिटाला सुमारे १३० ठोक्यांची. रेडिओवर तीन-चार मिनिटांत गाणं आटोपायचं अशा त्या काळात इथे गायकाचा आवाज यायलाच दोन मिनिटं लागतात.

मी ते पहिल्यांदा ऐकलं ते मैत्रिणीने भरून दिलेल्या कॅसेटवर. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक. सगळ्या आवाजावर खसखस पसरलेली आणि खालचे सूर जवळजवळ पुसलेले. तरी आवडलं. पुढे कित्येक वर्षांनी चांगल्या हेडफोनवर तेच गाणं लावलं तेव्हा राहत्या घराखाली तळघर आहे हे नव्याने कळावं तसं झालं. म्हणून आग्रहाने सांगते, हे गाणं मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. तिथे ठोक्याची फक्त टकटक उरते.

त्या तळघरात दोन बेस आहेत. एक मूग सोर्स सिंथेसायझरचा. गुळगुळीत, गोल, रबरी चेंडूसारखा उसळणारा. त्याला चालवणारा सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांची रांग लक्षात ठेवून ती वाजवत राहणारं यंत्र, बँडमधल्या बर्नार्ड समनरने सुटे भाग जोडून घरीच तयार केला होता. दुसरा बेस बँडमधल्याच पीटर हुकच्या गिटारचा, आणि त्याला तारेचा खरखरीत स्पर्श आहे. हुक बेस वरच्या पट्टीत वाजवतो. ही सवय जुनी, आधीच्या बँडमधली. तेव्हाच्या हलक्या अॅम्प्लिफायरमधून खालचे स्वर त्याचे त्यालाच ऐकू येत नसत, म्हणून तो वर सरकला. त्यामुळे इथे बेस गिटार ठेका धरत बसत नाही, ती गाते. यंत्राच्या गुळगुळीतपणावर ती तार घासली जाते तेव्हा मला दर वेळी दातांत काहीतरी जाणवतं.

आणखी वर, धुक्यासारखा, एक समूहस्वर तरंगतो. शब्द नसलेला 'आ'. तो जर्मनीच्या क्राफ्टवर्कच्या १९७५ च्या एका तबकडीवरून इम्युलेटर नावाच्या सॅम्पलरमध्ये उचलून घेतलेला आहे. चर्चमध्ये शिरल्यावर अंगाला लागणारा गारवा त्या स्वरात आहे.

मग समनर गातो, आणि त्याच्या आवाजात चढउतार जवळपास नाहीत. दुखावलेला माणूस सपाट आवाजात बोलतो तसं ते गाणं आहे. न्यू ऑर्डरच्या चौघांपैकी तिघांचा आधीचा बँड जॉय डिव्हिजन. त्याचा गायक इयन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी, अमेरिका दौऱ्याला निघण्याच्या आदल्या दिवशी, आयुष्य संपवलं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. उरलेल्यांनी नाव बदललं, जिलियन गिल्बर्टला सोबत घेतलं. समनरने गायला सुरुवात केली ती गायक उरला नव्हता म्हणून. हे ठाऊक नसतानाही माझे पाय त्या ठोक्यावर हलत होते आणि छातीवर काहीतरी बसलेलं होतं. दोन्ही एकाच वेळी.

आता त्या धुनेबद्दल, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. सुरुवातीच्या ठोक्यांवर सिंथेसायझरची एक छोटी, तुटक धून येते. ती सिक्वेन्सरमध्ये भरण्याचं काम गिल्बर्टकडे होतं. एकेक स्वर हाताने भरायचा, म्हणून तिने सगळी रांग आधी कागदावर उतरवली. कागदाला कागद चिकटवत तो पट्टा खोलीभर लांब झाला, विणकामाच्या एखाद्या अजस्र नमुन्यासारखा. त्यात एक स्वर सुटला. विणताना एक टाका पडावा तसा. यंत्राने इमानेइतबारे तेच वाजवलं, आणि धून ठोक्यापासून किंचित सरकली. बँडने ती तशीच ठेवली.

ख्याल ऐकणाऱ्याची मान समेवर हलते. आवर्तन कुठे येऊन टेकणार हे शरीराला आधीच कळलेलं असतं. 'ब्लू मंडे'मध्ये शरीर तशीच सम शोधतं, ड्रममध्ये ती सापडतेही, पण धुनेचा पाय तिथे पडत नाही. जेमतेम अंतर आहे. कान ते भरून काढायला सतत पुढे झुकलेला राहतो. साडेसात मिनिटांचा हा एकसुरी वाटणारा ठोका कंटाळवाणा होत नाही, याचं श्रेय मी त्या सुटलेल्या स्वराला देते.

डिझायनर पीटर सॅव्हिलने केलेलं तबकडीचं वेष्टण संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखं होतं, खिडक्या कापलेलं. त्यावर ना बँडचं नाव ना गाण्याचं. कडेच्या रंगीत चौकोनांत ती सांकेतिक लिपीत दडवलेली. हे कापकाम इतकं महाग होतं की सुरुवातीच्या प्रतींवर कंपनीला तोटा झाल्याचं सांगतात. तरीही ब्रिटनमध्ये बारा इंची तबकड्यांत याच्याइतकी दुसरी कुठलीच खपली नाही. मोठ्या तबकडीवर खाचांना ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे खालचे सूर जोरकस कोरता येतात. डान्स क्लबना तेच हवं असे. मँचेस्टरमध्ये १९८२ साली उघडलेल्या हॅसिएंडा क्लबमध्ये बँडचेच पैसे गुंतलेले होते, आणि या तबकडीची बरीच कमाई तिकडेच गेली.

एकदा असं करून पाहा. पायाने ड्रमचा ठेका धरा आणि टेबलावर बोटाने ती धून मोजा. पाय आणि बोट कुठे एकत्र येतात ते शोधा. मी कितीदा तरी बसले आहे मोजायला. पहिली दोन मिनिटं हिशेब राहतो. मग तो सपाट आवाज येतो, हुकची तार वर चढते, आणि कधीतरी लक्षात येतं की बोट थांबलंय, खांदे हलताहेत.