विझलेल्या चुलीची ऊब

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा दगड दिवसभर उन्हात तापतो आणि सूर्य मावळल्यावरही हाताला ऊबदार लागतो. स्वयंपाक आटोपल्यावर मातीची चूलही अशीच बराच वेळ गरम राहते. ही उष्णता आली कोठून? अर्थात सरपणातून!

विद्यार्थी मित्रहो, आपण हिशेब करू. दगडमातीची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे एक-पंचमांश, म्हणजे ०.२ असते. १०० किलोग्रॅम वजनाच्या चुलीचे तापमान सरासरी ५० अंश सेल्सिअसने वाढले, तर तिने १०० × ०.२ × ५० = १००० किलोकॅलरी उष्णता साठवली. एक किलोग्रॅम सुके लाकूड जळून सुमारे ४००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पाव किलोग्रॅम लाकूड केवळ चूल तापवण्यात खर्ची पडले!

रशिया, फिनलंड अशा थंड देशांत हाच गुण कामी येतो. टनभर वजनाच्या विटांच्या भट्टीत एकदाच मोठा जाळ करतात; मग ती कित्येक तास घर उबदार ठेवते. आपल्याला चूल हवी ती स्वयंपाकासाठी. म्हणून ती पुन्हापुन्हा पेटवू नये. पदार्थ लागोपाठ शिजवावेत आणि शेवटी पाण्याचे पातेले ठेवावे. तेवढेच सरपण वाचेल.

मात्र थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही व झोपेतच मृत्यू ओढवतो. ऊब घ्यायची ती तापलेल्या मातीची, धुमसत्या निखाऱ्यांची नव्हे!