परक्या मैदानावरची माणसे

इंग्लंडमधील एखाद्या औद्योगिक शहरात फुटबॉलचे दोन जुने शौकीन एकत्र बसले, की बोलणे फार लवकर एका ठराविक वळणावर येते. आपल्या संघाने जिंकलेल्या करंडकांची यादी मागे पडते आणि परगावी जाऊन पाहिलेल्या सामन्यांच्या आठवणी निघतात. कोणत्या स्टेशनात परतीची गाडी चुकली, कोणत्या मैदानावर छप्पर नसल्यामुळे दोन तास पावसात उभे राहावे लागले, मध्यरात्री बस कोठे बंद पडली, आणि एवढे सोसूनही आपला संघ चार गोलांनी कसा हरला, याची उजळणी सुरू होते. ऐकणाऱ्याला नवल वाटते ते याचे की, या आठवणींत विजय थोडे आणि हालच फार असतात. तरीही सांगणाऱ्याच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक असतो.

पदरचे पैसे आणि आठवड्याची एकुलती एक सुटी खर्चून माणूस हाल का विकत घेतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही. प्रश्न वरवर किरकोळ आहे. परंतु त्याचा माग काढीत गेले, की श्रमिकांची सुटी, रेल्वे, बाजारपेठ आणि माणसाला गर्दीतही माणूस म्हणून वागविण्याचे कर्तव्य अशा बऱ्याच गंभीर गोष्टींपाशी आपण येऊन पोहोचतो.

आरंभ कारखान्यांपासून करावा लागतो. १८५० च्या कारखाना कायद्याने इंग्लंडमधील कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. पुढे हळूहळू शनिवारची अर्धी सुटी इतर कामगारांच्याही पदरात पडली. रेल्वेचे जाळे तोवर पसरलेच होते. हाती मोकळी दुपार आणि दाराशी आगगाडी, या दोन गोष्टी जुळून आल्या तेव्हाच १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन होऊ शकली. तिच्यातील बारा संघांपैकी सहा लँकेशायरचे व सहा मध्य इंग्लंडचे होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिपक्षाच्या मैदानावर खेळावे, ही तिची रचना. म्हणजे परगावचा सामना हा या खेळाच्या व्यवस्थेत पहिल्या दिवसापासून अर्धा वाटेकरी आहे.

या प्रवासी प्रेक्षकांकडे नाक मुरडून पाहण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. १८८४ साली ब्लॅकबर्न रोव्हर्सचे समर्थक करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी लंडनला आले, तेव्हा तेथील एका प्रतिष्ठित सायंदैनिकाने त्यांच्या पेहरावाची आणि बोलीची अशी काही हेटाळणी केली की, जणू रानटी टोळ्याच राजधानीवर चाल करून आल्या होत्या! गिरणीतला माणूस गिरणीत शोभतो, राजधानीत नव्हे, ही त्यामागची भावना. पुढच्या शतकात जे घडले त्याचे बीज या भावनेत आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाला भरती आली. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना मिळून चार कोटी बारा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. परगावच्या सामन्यांसाठी ब्रिटिश रेल्वे खास गाड्या सोडी. या गाड्यांना बहुधा जुने, मोडकळीस आलेले डबे जोडलेले असत. ‘हे काय, मोडतोडच करणार’ असा हिशेब त्यामागे असे. १९७३ साली मात्र ‘लीग लायनर’ नावाची एक निराळी गाडी निघाली, आणि तिच्यात नाचगाण्यासाठी स्वतंत्र डबादेखील होता. आज साठी-सत्तरी उलटलेल्या शौकिनांच्या आठवणींत या गाड्यांना मोठे स्थान आहे. १९७८ साली तर लीगमधील सर्व ९२ मैदानांवर सामने पाहिलेल्यांचा एक ‘९२ क्लब’च स्थापन झाला. आपल्याकडे चारी धाम केलेल्या माणसाला जो मान मिळतो, त्याच जातीचा हा मान म्हणावा लागेल.

या प्रवासाला एक पैशाची बाजूही होती. यजमान संघाच्या तिकीटविक्रीतील एक हिस्सा पाहुण्या संघाला देण्याची लीगमध्ये रीत होती. १९८३ साली मोठ्या संघांच्या आग्रहामुळे ती मोडण्यात आली व लीग सामन्यांचे सर्व उत्पन्न यजमानाकडे राहू लागले. छोट्या संघांचे नुकसान झाले, हे तर उघडच आहे. परंतु याचा दुसरा परिणाम सहसा कोणी लक्षात घेत नाही. आपल्यामागून परगावी येणाऱ्या समर्थकांमुळे पाहुण्या संघाच्या तिजोरीत जी भर पडत असे, ती थांबली. प्रवासी प्रेक्षक हा आता केवळ यजमानाचे गिऱ्हाईक उरला. आणि तेही असे गिऱ्हाईक, की ज्याला दुसऱ्या दुकानाची वाट मोकळी नाही. मँचेस्टरच्या संघाचा भक्त तिकीट महाग झाले म्हणून लिव्हरपूलचा भक्त होत नाही. आमच्या शास्त्राच्या परिभाषेत याला अलवचीक मागणी म्हणतात. साध्या भाषेत याचा अर्थ एवढाच की, निष्ठावंत माणसाला लुटणे सर्वांत सोपे असते.

त्या काळात मैदानांवर आणि गाड्यांत दंगली होत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मार्च १९८५ मध्ये ल्यूटनच्या मैदानावर मिलवॉलच्या समर्थकांनी घातलेला धुमाकूळ कुप्रसिद्ध आहे. त्यानंतर ल्यूटनने १९८६ पासून पाहुण्या प्रेक्षकांना प्रवेशच बंद केला; आणि ही बंदी उठविण्यास नकार दिल्यामुळे त्या संघाला लीग करंडकाच्या १९८६-८७ च्या स्पर्धेतून वगळण्यात आले. मे १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेल्या चढाईनंतर चेंगराचेंगरी होऊन व भिंत कोसळून ३९ माणसे, त्यांतील बहुतेक इटालियन, प्राणास मुकली. रोग होता, यात शंका नाही. प्रश्न आहे तो उपचाराचा. थोड्यांच्या गुन्ह्यासाठी सर्वच प्रवासी प्रेक्षकांना गुरांसारखे वागविण्याचा उपचार निवडला गेला. स्टेशनापासून पोलिसांच्या कड्यातून त्यांना हाकीत न्यावयाचे, पुढे-बाजूला उंच लोखंडी जाळ्या ठोकलेल्या कोंडवाड्यांत उभे करावयाचे आणि सामना संपल्यावर यजमान प्रेक्षक पांगेपर्यंत तेथेच डांबून ठेवावयाचे, हा शिरस्ताच पडला.

१५ एप्रिल १९८९ रोजी या शिरस्त्याची किंमत मोजावी लागली. लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील करंडकाचा उपान्त्य सामना शेफील्ड येथील हिल्सबरो या तटस्थ मैदानावर होता. म्हणजे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक तेथे परगावचेच. आधीच भरलेल्या कोंडवाड्यांत आणखी माणसे सोडली गेली, आणि समोरच्या जाळीमुळे त्यांना मैदानात निसटता आले नाही. या दुर्घटनेत अखेर ९७ लिव्हरपूल समर्थकांचे बळी गेले. त्यांतील शेवटचा मृत्यू २०२१ साली, दुखापतींशी बत्तीस वर्षे झगडल्यानंतर झाला. दोष प्रेक्षकांचाच, असा कांगावा दीर्घकाळ करण्यात आला. ज्युरीने तो पुरता खोडून काढला, आणि मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाले असा निर्णय दिला, तो २०१६ साली! सत्तावीस वर्षे मृतांच्या आप्तांना केवळ न्यायासाठी नव्हे, तर आपली माणसे दंगलखोर नव्हती एवढेच सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले.

न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालानंतर जाळ्या निघाल्या आणि वरच्या श्रेणीतील मैदानांवर प्रत्येकाला बसण्याची जागा मिळाली. मैदाने सुरक्षित झाली, हा मोठाच लाभ. बसण्याच्या जागेचे तिकीट परवडणार नाही, ही भीती टेलर यांना रास्त वाटली नव्हती. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर अशी जागा सहा पौंडांत मिळते, असा दाखला त्यांनी दिला होता. जानेवारी २०१३ मध्ये लंडनला आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या पाहुण्या समर्थकांसाठी तिकीट ठेवले होते ६२ पौंड! मैदाने वेगळी असल्यामुळे तुलना काटेकोर नव्हे. पण दरम्यानच्या काळात ब्रिटनमधील सर्वसाधारण किंमतपातळी साधारण दुपटीनेच वाढली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. त्या दिवशी तीन हजारांपैकी ९१२ तिकिटे परत गेली. अलवचीक मागणीही कोठे तरी तुटते, याचे हे प्रात्यक्षिक होते.

त्याच वर्षी समर्थकांच्या संघटनेने पाहुण्यांचे तिकीट वीस पौंडांत मिळावे अशी चळवळ उभारली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ लिव्हरपूलच्या हजारो प्रेक्षकांनी सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला मैदान सोडले, आणि मालकांनी तो प्रस्ताव मागे घेतला. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या वीसही संघांनी पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली. ती त्या वर्षीच्या ऑगस्टपासून लागू झाली आणि पुढे तिला मुदतवाढही मिळत गेली.

या सवलतीला कोणी औदार्य समजू नये. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून या खेळाचा मोठा पैसा दूरचित्रवाणीकडून येतो, आणि दूरचित्रवाणी जे विकते त्यात केवळ बावीस खेळाडू नसतात. एका कोपऱ्यात दाटीने उभे राहून घसा फोडणारे ते दोन-तीन हजार पाहुणेही असतात. म्हणजे हा ग्राहक पैसे देऊन मालाच्या उत्पादनातही हातभार लावतो. साथीच्या काळात, २०२०-२१ चा जवळजवळ सर्व हंगाम रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. त्या हंगामात यजमानांनी १४४ सामने जिंकले, तर पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पाहुणे यजमानांपेक्षा अधिक सामने जिंकल्याची ही पहिलीच वेळ होती. प्रेक्षक हा खेळाचा घटक आहे की शोभा, या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर कोणते असू शकेल?

तरीही प्रवासी प्रेक्षकाची गैरसोय संपलेली नाही. प्रक्षेपणाच्या सोयीसाठी सामना सोमवारी रात्री ठेवला, की न्यूकॅसलच्या माणसाला बोर्नमथहून परतताना साडेपाचशे किलोमीटरची वाट आणि दुसऱ्या दिवशीचे काम, दोन्ही दिसू लागतात. तिकीट तीस पौंड आणि रजा, प्रवास, मुक्काम यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट, असा हा व्यवहार आहे.

आपल्याला हा सर्व प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड मोठे आहे. परंतु तालमींचे संघ त्याच शहरातले आणि मैदानही तेथलेच, त्यामुळे तेथे ईर्ष्या पेठेपेठेत खेळली जाते, प्रवास घडत नाही. गावोगावच्या जत्रांतील कुस्तीच्या मैदानांसाठी मिळेल त्या वाहनाने जाणारा आपला शौकीन मात्र या इंग्रज प्रवाशाचा सख्खा भाऊ शोभेल. मार्च २०२२ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यासाठी केरळचे हजारो समर्थक गोव्यात फातोर्ड्याला आले. संघ पेनल्टींवर हरला. मोटारसायकलवरून निघालेले त्यांच्यातले दोन तरुण तर वाटेतच अपघातात दगावले. अशी गर्दी आपल्याकडेही यापुढे वाढत जाणार. तिला पाणी, निवारा, सुरक्षित वाट आणि परतीची गाडी मिळावी, ही व्यवस्था अपघात झाल्यावर नव्हे, तर आधी करावयाची असते, एवढा धडा तरी इंग्लंडच्या अनुभवातून घेण्यास हरकत नसावी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. परगावी जाणारा प्रेक्षक विजय विकत घेत नाही. तसे असते तर दोन पराभवांनंतर तो घरी बसला असता. परक्या गावात आपल्या माणसांसोबत असण्याचा अनुभव तो घेत असतो, आणि हा माल एकट्याला तयार करता येत नाही, साठवता येत नाही की पुन्हा विकता येत नाही. तो उरतो केवळ आठवणींच्या देवघेवीत. मैदानेदेखील उरत नाहीत. संडरलँडचे रोकर पार्क १९९७ साली बंद झाले. तेथे आता घरे आहेत आणि गल्ल्यांना ‘मिडफील्ड ड्राइव्ह’, ‘गोलमाउथ क्लोज’ अशी नावे आहेत.

लिंकन शहराच्या संघाचे मैदान मात्र अजून जागेवर आहे. ११ मे १९८५ रोजी त्या संघाचे दोन समर्थक हंगामातला शेवटचा सामना पाहण्यासाठी ब्रॅडफर्डला गेले होते. लाकडी स्टँडला लागलेल्या आगीत तेथे ५६ माणसे दगावली. त्यांत हे दोघे होते. लिंकनच्या मैदानावरील एका स्टँडला आज त्या दोघांच्या आडनावांनी ओळखतात. त्यांनी संघासाठी एकही गोल केला नव्हता. ते फक्त संघाबरोबर परगावी गेले होते, आणि त्यांच्या गावाला तेवढे पुरेसे वाटले.