आठ आत, आठ बाहेर

दोर बाहेर काढण्याआधी गाईडनं वही काढली. तारीख, वेळ, घळीचं नाव, हवामानाचा सकाळचा अंदाज आणि शेवटी माणसं: सहा पाहुणे, दोन गाईड. मग सॅटेलाइट फोनवरून तिनं तळावर कळवलं, "आठ आत. चारपर्यंत माझा फोन आला नाही तर शोध सुरू करा." फोन ठेवून तिनं चारी दिशांचं आकाश सावकाश न्याहाळलं. ढगाचा ठिपकाही नव्हता. तरी ज्या बाजूनं पाणी येतं तिकडे तिची नजर सगळ्यांत जास्त वेळ थांबली.

आम्ही उभे होतो करिजिनी राष्ट्रीय उद्यानात, हॅन्कॉक गॉर्जच्या काठावर. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला असलेला हा पिलबारा प्रदेश पर्थपासून साधारण 1400 किलोमीटर दूर आहे. जुलै म्हणजे इथला हिवाळा. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या मुलखात सकाळी आठ वाजता बोटं गारठली होती. भोवती लाल माती, स्पिनिफेक्स गवताचे टोचरे गुच्छ आणि चुन्यानं रंगवल्यासारख्या पांढऱ्या खोडांची स्नॅपी गमची झाडं. जमीन क्षितिजापर्यंत सपाट भासते. काठाशी आलात तरच कळतं, की पायाखाली शंभर मीटर खोल चीर आहे.

ही लाल माती मला अनोळखी नव्हती. माझं बालपण गोव्यात, डिचोलीजवळ गेलं. आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि मांडवीतल्या बार्जमध्ये रिकामे व्हायचे. पावसाळा सोडला तर अंगणातली तुळस, वाळत घातलेले कपडे, शाळेच्या वह्या, सगळ्यांवर तांबूस धूळ असायची. लोखंडाचा दगड मी त्या वयात रोज पाहत होतो, पण फुटलेला, भरलेला, ताडपत्रीखाली झाकलेला. तो डोंगर म्हणून उभा असताना कसा दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. पुढे सह्याद्रीत भटकलो, सांधण दरीत दोरावरून उतरलो. पण तो बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पिलबाराचा खडक त्याच्यापुढे पणजोबाच्याही पणजोबाच्या जागी आहे: सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा.

आमच्या गटातली एक बाई टॉम प्राइस गावच्या खाणीत डंपर चालवायची. सलग आठ दिवस पाळी आणि मग सहा दिवस सुट्टी, त्यातला एक दिवस तिनं इथे आणला होता. 1966 साली खाण सुरू झाली आणि तिच्याभोवती हे गाव वसलं. तिथून समुद्राकडे निघणारी खनिजाची रेल्वे सुमारे अडीच किलोमीटर लांब असते, एका खेपेत जवळपास 28,000 टन नेते आणि 2018 पासून अशा गाड्या चालकाशिवाय धावतात. "मी दिवसभर टन मोजते," हार्नेसचे पट्टे आवळत ती म्हणाली. तिचा डंपर एका वेळी दोनशे टनांहून जास्त दगड उचलतो.

गाईडनं प्रत्येकाचा हार्नेस स्वतः ओढून पाहिला, मग आम्हाला एकमेकांचा तपासायला लावला. तिच्या जोडीदारानं तिचा तपासला. बकल, कॅरॅबिनरचा स्क्रू, हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा. लांब केस आत, बाहीचं टोक आत, कारण दोर ज्या डिसेंडरमधून सरकतो त्यात केस ओढले गेले तर माणूस तसाच अधांतरी अडकतो. शिट्टीची भाषा ठरली: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे दोर सोडा, तीन म्हणजे ओढा, चार म्हणजे मी दोरातून सुटलो. पाण्याच्या आवाजात शब्द विरून जातात, शिट्टी टिकते.

शिडीवरून आणि पायऱ्यांसारख्या कपारींवरून आम्ही खाली उतरलो. दहा मिनिटांत उन्हाचा मुलूख संपला. भिंतींना हात लावला आणि लहानपणीची धूळ पहिल्यांदा घडी न मोडलेली सापडली. वहीच्या पानांसारखे थर, एकावर एक: गंजाचा लाल, पोलादी निळा, मधे गारगोटीसारखा चकाकता पट्टा. कुठे बोटाएवढी जाडी, कुठे नखाएवढी. ज्या काळात इथे समुद्र होता त्या काळात त्याच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्म जिवांनी सोडलेला प्राणवायू त्याला भेटला, लोह गंजलं आणि तळाशी बसत गेलं. हे थर म्हणजे तो साठा. हवेत श्वास घेण्याजोगा प्राणवायू साचण्याआधी समुद्रातल्या लोखंडाची भूक भागावी लागली. माझ्या छातीत जाणारा श्वास आणि आमच्या अंगणातली धूळ यांचं नातं असं एका भिंतीवर लिहिलेलं होतं.

गिर्यारोहणात हा खडक दोन स्वभावांचा आहे. कोरडा असतो तेव्हा विटांसारखा चौकोनी तुटलेला, त्यामुळे पाय ठेवायला कपारी भरपूर. पाण्यानं घासलेला असतो तिथे साबणासारखा. गाईडचा नियम एकच, जो सह्याद्रीतही शिकवतात: दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एका वेळी हलवायचा फक्त चौथा. मात्र कुठला दगड धरायचा हे सांगताना ती बोटानं दाखवत नव्हती. आधी तो तळहातानं ठोकून ऐकायची. भरीव आवाज आला तर "हा", पोकळ आला तर ती काही न बोलता पुढच्याकडे सरकायची.

पहिला डोह पोहून पार केला. वेटसूट असूनही गारठा मणक्यातून वर चढला. काही डोहांना दिवसभरात जेमतेम घटकाभर ऊन मिळतं, म्हणून पाणी तापतच नाही. पलीकडे गेल्यावर गाईड प्रत्येकाला काहीबाही विचारत होती: सकाळी काय खाल्लं, गाडी कुठून आणली, घरी कोण असतं. मला तो ओळखी वाढवण्याचा भाग वाटला. नंतर तिनं सांगितलं, थंडी अंगात मुरायला लागली की जीभ जड होते. माणूस "मी बरा आहे" असंच म्हणतो, पण शब्द घसरतात. ती उत्तर ऐकत नव्हती, उच्चार ऐकत होती. आमच्यातल्या एका तरुणाचे शब्द तिला अडखळलेले वाटले. तिनं त्याला उन्हाच्या पट्ट्यात बसवलं, थर्मासमधला गोड चहा दिला आणि तो पुन्हा सरळ बोलू लागेपर्यंत सगळ्यांना थांबवलं. पंधरा मिनिटं गेली. वहीत तीही लिहिली गेली.

पुढे घळ इतकी अरुंद होते की दोन्ही भिंतींवर हातपाय ताणून कोळ्यासारखं सरकावं लागतं. या जागेचं नावच स्पायडर वॉक. खालून पाणी वाहतं, वर निळी रेघ, आणि आपण मधे. हे पार केलं की कर्मिट्स पूल, हिरव्या पाण्याचा गोल डोह. इथपर्यंतची वाट पाचव्या श्रेणीची, म्हणजे अनुभवी आणि धडधाकट माणसानं काळजीनं यावं अशी. पुढे सहावी श्रेणी सुरू होते. दोर, साधनं आणि ती वापरण्याचं शिक्षण नसेल त्यानं इथूनच मागे फिरायचं.

खडकात ठोकलेल्या दोन बोल्टना गाईडनं अँकर बांधला आणि मला पहिल्यांदाच जवळ बसून तो नीट पाहता आला. डोंगरात आपण दोराच्या टोकाला गाठ मारतो, उतरणारा टोकावरून निसटू नये म्हणून. इथे तिनं गाठ मारली नाही. दोराची लांबी अशी सोडली की टोक पाण्याला जेमतेम टेकेल. खाली पोचलेला माणूस पोहत असतो. वाहत्या पाण्यात त्याला डिसेंडर सोडवत बसावं लागलं तर दोरच त्याला बुडवेल. टोक मोकळं असलं की तो आपोआप दोरातून बाहेर तरंगतो. दुसरी गोष्ट, अँकरला तिनं दोर कायमचा जखडला नव्हता. कुणी मधेच अडकलं तर वरूनच दोर हळूहळू सोडून त्याला खाली उतरवता येईल, अशी गाठ होती. ती गाठ तिनं घातली, पाहिली, जोडीदाराला पाहायला लावली, आणि मग स्वतःचं वजन टाकून पाहिलं.

मी कड्याच्या ओठावर पाठमोरा उभा राहिलो. पाय खांद्याइतके फाकलेले, कंबर मागे, ब्रेकचा हात मांडीशी. पहिली दोन पावलं मनाला पटत नाहीत, तिसऱ्या पावलाला दोर पटवतो. चेहऱ्यासमोरून थर वर सरकत गेले: लाल, निळा, करडा, पुन्हा लाल. दोन थरांमधल्या फटीत, माझ्या डोक्याच्याही बरंच वर, वाळलेल्या काड्या, साली आणि गवताचा बोळा अडकलेला होता. कुठल्या तरी पुराची ती खूण होती. एवढं पाणी इथून गेलं होतं. मग थंडगार पाणी कमरेला लागलं, दोर सुटला, मी चार शिट्ट्या दिल्या.

हा डोह रीगन्स पूल. जिम रीगन स्टेट इमर्जन्सी सर्व्हिसचे स्वयंसेवक होते. 2004 साली घळीत अडकलेल्या पर्यटकाच्या सुटकेसाठी ते उतरले, त्या वेळी पाण्याचा लोंढा आला आणि त्यात त्यांचा जीव गेला. पगार देऊन कुणी त्यांना पाठवलं नव्हतं. इथल्या छोट्या गावांत सुटकेचं काम असंच चालतं: दिवसा खाणीत, दुकानात, शाळेत काम करणारी माणसं हाक आली की दोर घेऊन निघतात. गाईडनं हे सगळं पाण्यात उभं राहून, हेल्मेट काढून सांगितलं. मग म्हणाली, "म्हणून मी ढग नसलेलं आकाशही पाहते. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नसते. तो लांब वर पडतो, हा खडक थेंबही पीत नाही, आणि सगळं इथे येतं." पाणी गढूळ झालं, पानं वाहत येऊ लागली किंवा वाऱ्याचा झोत अचानक वाढला तर सामान सोडून वर चढायचं, हे तिनं सकाळीच सांगितलं होतं. आता ते मला कळलं.

या भागातला धोका नेहमी आवाज करून येत नाही. उत्तरेला विटनूम नावाचं गाव होतं. तिथे निळा ॲस्बेस्टॉस खणत. खाण 1966 साली बंद झाली, पण श्वासातून गेलेले तंतू माणसांच्या फुप्फुसांत राहिले आणि पुढची कित्येक वर्षं खाणकामगार, त्यांच्या बायका, अंगणात खेळलेली मुलं दगावत राहिली. 2007 साली सरकारनं गावाचा दर्जाच काढून घेतला. हे ऐकताना मला आमच्या अंगणातली धूळ आठवली. आमची धूळ वेगळी होती, पण तीही कुणी मोजली नव्हती. किती ट्रक गेले याच्या पावत्या असायच्या. आई दिवसातून किती वेळा खोकते, याची नोंद कुठल्याच कचेरीत नव्हती.

ही जमीन बंजिमा, यिन्हावांगका आणि कुर्रामा लोकांची. करिजिनी हे नावही बंजिमांनी इथल्या डोंगररांगेला दिलेलं. उद्यानातल्याच दुसऱ्या एका घळीतला डोह म्हणजे फर्न पूल, त्यांच्या भाषेत जुबुरा. तिथे पाण्यात उडी मारू नये, आरडाओरडा करू नये, हळूच उतरावं अशी विनंती केलेली आहे. आमच्या गाईडनं ती रीत साऱ्या घळीत पाळली. तिच्या तोंडून दिवसभरात एकही आरोळी निघाली नाही.

परतीची चढण लांब होती. मांड्या थरथरत होत्या, बोटांची साल गेली होती. काठावर पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि दूर कुठे तरी रेल्वेची घरघर चालू होती. डंपर चालवणारी बाई थांबून ती ऐकत राहिली. "भरलेली आहे," ती म्हणाली. आवाजावरून तिला कळत होतं.

गाईड अजून काठावरच उभी होती. शेवटचा माणूस, तिचा जोडीदार, दोराची पिशवी पाठीवर घेऊन वर आला. तिनं आमच्याकडे वळून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवत ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले. एकदा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून म्हटले. मग वही उघडली, फोन लावला. चाराला वीस मिनिटं कमी होती.

"आठ बाहेर," ती म्हणाली.