पाठ दुखते? कधीपासून?

बचत गटाच्या बैठकीत पैशांचा हिशोब संपला की आमच्याकडे दुखण्यांचा सुरू होतो. त्यात पहिला नंबर कंबरेचा. आंबिवलीतली बाई पहाटे पाणी भरते, लोकलच्या गर्दीत उभ्यानं कामाला जाते, परत आली की ओट्याशी उभी. मग दुखलं की "वात असेल", "बाळंतपणात काळजी घेतली नाहीस", अशी उत्तरं तयारच असतात. आणि खरं सांगायचं तर बहुतेकींची कंबर थोडी विश्रांती, व्यायाम आणि साध्या औषधांनी काही आठवड्यांत बरी होतेही. म्हणूनच जी बरी होत नाही, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आमच्या गटातल्या एका तिशीच्या मैत्रिणीचंच बघा. तीन महिने पाठीच्या मधोमध दुखत होतं, रात्री जास्तच. मालिश झाली, मलमं झाली, हाडं बसवणाऱ्याकडे दोन फेऱ्या झाल्या. संध्याकाळी अंगात कणकण असायची, भूक मेली होती, ब्लाऊज ढगळ झाले होते. पण "छान बारीक झालीस गं" असंच सगळ्या म्हणायच्या! खोकला नव्हता, त्यामुळे टीबीचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे पाय जड पडायला लागले, चप्पल निसटलेली कळेना. तेव्हा मी तिला सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत घेऊन गेले.

मैत्रिणींनो, टीबी फक्त फुप्फुसांचा नसतो. जंतू रक्तातून मणक्यात पोचतात, मणका आणि मधली चकती पोखरतात. पू साठला की मज्जारज्जूवर दाब येतो. लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं, म्हणजे दुखणं काही नवं नाही. नवीन आहे ते ओळखण्याचं तंत्र. साध्या एक्स-रेत सुरुवातीला बहुधा काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये लवकर कळतं. पण नुसत्या चित्रावर थांबत नाहीत. सीटी स्कॅनच्या मदतीनं सुई घालून तिथला नमुना काढतात. जंतू टीबीचाच आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, हे सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत सांगतं.

ऑपरेशन म्हटल्यावर तिच्या घरी रडारड. "मणक्याला हात लावला की माणूस कायमचा अंथरुणाला," हे सासूबाईंचं ठाम मत. खरं म्हणजे मणक्याच्या टीबीत प्रत्येकीला ऑपरेशन लागतच नाही. बनारसचे डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये 'मधला मार्ग' मांडला. औषधं सर्वांना, शस्त्रक्रिया मात्र गरज असेल त्यालाच. म्हणजे पायांतलं बळ जात असेल, मणका ढासळला असेल किंवा औषधांनी फरक पडत नसेल तर. मला हा विचार फार पटला. आता मज्जारज्जूवरचा दाब काढून टायटॅनियमच्या स्क्रू आणि सळ्यांनी मणक्याला आधार देतात, काही ठिकाणी छोट्या छेदातूनही करतात. आमची मैत्रीण तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली.

खरी परीक्षा पुढेच. गोळ्या साधारण वर्षभर, डॉक्टर म्हणाले तर अधिकही. लघवी केशरी झाली तेव्हा ती घाबरून गेली. ते रिफाम्पिसिनमुळे होतं. सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी काढली. "ताई, घरात लहान पोरं आहेत," म्हणाल्या. फुप्फुसांत टीबी नसेल तर मणक्याचा टीबी शेजारी बसल्यानं लागत नाही, हे पटवायला मला दोनदा जावं लागलं.

टीबीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. खातं बाईच्या स्वतःच्या नावावर असलेलं बरं. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.